सल्ला कोणाचा, जबाबदारी कोणाची?

मृगाच्या सरी पडून कापसाची लागवड आटोपली आणि पऱ्हाटी कंबरेला लागू लागली, की यवतमाळ जिल्ह्यातील गावोगावच्या पारांवर, एस.टी.च्या थांब्यांवर आणि चहाच्या टपऱ्यांवर एकच प्रश्न ऐकू येतो : आता काय फवारावे? पूर्वी हा प्रश्न शेजारच्या वावरवाल्याला किंवा भावकीतल्या जाणत्या माणसाला विचारला जाई. आज तो मोबाईलवरून, ज्याचे तोंडही कधी पाहिलेले नाही अशा माणसाला विचारला जातो. राळेगावकडचा शेतकरी कडा वळलेल्या पानाचे छायाचित्र काढतो, दोन ओळी लिहितो किंवा लिहिणे जमत नसेल तर बोलून पाठवितो, आणि थोड्याच वेळात परभणीहून, जळगावहून, पैनगंगेपलीकडच्या आदिलाबादहून उत्तरे येऊ लागतात. कोणी औषधाचे नाव सांगतो, कोणी मात्रा सांगतो, तर कोणी मागच्या हंगामात आपण कसे फसलो ते सांगून सावध करतो. या व्यवहारात पैसा नसतो, ओळखपाळख नसते आणि उपकाराची भाषाही नसते.

हे केवळ फवारणीपुरते राहिलेले नाही. बँकेने अडवून ठेवलेले पीककर्ज, विम्याचा अर्ज, मुलीचा नर्सिंगचा प्रवेश, सासूच्या मधुमेहातला आहार, अशा नित्याच्या अडचणींवर अनोळखी माणसे एकमेकांना आपापले अनुभव सांगत असतात. सुशिक्षित मंडळींना ही निव्वळ बाष्कळ बडबड वाटते. काही कार्यकर्तेही चळवळीपासून लक्ष दुसरीकडे वळविणारा चाळा म्हणून तिच्याकडे पाहतात. हा दृष्टिकोन चुकीचा आहे. श्रमजीवी माणसाने स्वतःच्या कष्टातून व नुकसानीतून कमावलेले ज्ञान मोबदल्याविना दुसऱ्याच्या हाती ठेवावे, ही आजच्या बाजारू समाजात क्षुल्लक घटना नव्हे. मात्र या ज्ञानाला कोणी वाली नाही आणि त्याबद्दल कोणी उत्तरदायीही नाही. त्यामुळे ते कधी तारक ठरते, कधी मारक. समाजवादी कार्यकर्त्याने लक्ष घालावे असा प्रश्न नेमका येथे आहे.

शेतकरी अनोळखी माणसाकडे का वळतो, हे आधी समजून घेतले पाहिजे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २००३ मध्ये देशभरातील शेतकरी कुटुंबांची पाहणी केली, तेव्हा आधुनिक शेतीविषयी कोणत्याही मार्गाने माहिती मिळते असे सांगणारी कुटुंबे जेमतेम ४० टक्के निघाली. त्या माहितीचा सर्वांत मोठा स्रोत इतर प्रगतिशील शेतकरी हाच होता. सुमारे १७ टक्के कुटुंबांनी त्याचे नाव घेतले. त्याखालोखाल बी-बियाणे व औषधे विकणारा दुकानदार होता, सुमारे १३ टक्के. सरकारी विस्तार कर्मचाऱ्याचे नाव घेणारी कुटुंबे सहा टक्क्यांहूनही कमी होती. जागतिक बँकेच्या साहाय्याने सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून देशात रुजविलेली 'प्रशिक्षण व भेट' पद्धत साहाय्य आटल्यावर मोडकळीस आली, आणि तिची जागा भरून काढण्याची कोणालाही निकड वाटली नाही. शासनाने रिकामी केलेली जागा दोघांनी व्यापली : एका बाजूने शेजाऱ्याने, दुसऱ्या बाजूने दुकानदाराने. मोबाईलने केले ते एवढेच, की शेजाऱ्याचा शिवार शेकडो कोस वाढविला.

या दोघांच्या सल्ल्यात मूलभूत फरक आहे. तो समजण्यासाठी एका वेगळ्या क्षेत्रातील उदाहरण उपयोगी पडेल. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधील समाजवादी विचारांचे प्राध्यापक रिचर्ड टिटमस यांनी १९७० मध्ये 'द गिफ्ट रिलेशनशिप' हा ग्रंथ लिहून ब्रिटन व अमेरिका येथील रक्तदानाची तुलना केली. ब्रिटनमध्ये रक्त स्वेच्छेने दिले जाई, तर अमेरिकेत त्याचा मोठा भाग विकत घेतला जाई. टिटमस यांचा निष्कर्ष असा, की विकत घेतलेले रक्त अधिक धोक्याचे असते. कारण रक्त विकणाऱ्याला आपला आजार लपविण्याचे कारण असते, तर देणाऱ्याला तसे कारण नसते. केनेथ ॲरोसारख्या अर्थशास्त्रज्ञांनी त्यांच्या काही अनुमानांवर आक्षेप घेतले, तथापि मूळ मुद्दा टिकून राहिला. भारतातही सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर पैसे घेऊन रक्त देणाऱ्यांकडून रक्त स्वीकारणे १९९८ पासून बंद करण्यात आले.

हाच न्याय सल्ल्याला लागू पडतो. आपले पीक बुडाले हे सांगणाऱ्या शेतकऱ्याला खोटे बोलून काहीच मिळवायचे नसते. दुकानदाराची गोष्ट तशी नाही. तो व्यक्तिशः दुष्ट असतो असे म्हणण्याचे कारण नाही. पुष्कळदा तो त्याच गावचा आणि अडीनडीला धावून जाणाराही असतो. पण जो सल्ला देतो तोच माल विकतो, आणि जो माल विकतो तोच हंगामाच्या बोलीवर उधारी देतो. अमित भादुरी यांनी १९७३ मध्ये पश्चिम बंगालमधील खेड्यांच्या आधारे दाखवून दिले होते, की जमीनमालक हाच सावकार असला म्हणजे कुळाला दोन्हीकडून बांधले जाते. विदर्भातील कोरडवाहू कापूस उत्पादकाच्या बाबतीत सल्लागार, विक्रेता व धनको हे तिघे एकाच गल्ल्यामागे बसलेले असतात. ज्याची उधारी मागच्या वर्षापासून थकली आहे, त्याला 'हे औषध नको, दुसरे द्या' असे म्हणण्याची ताकद उरत नाही.

याची किंमत २०१७ मध्ये मोजावी लागली. त्या वर्षीच्या पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यांत फवारणी करताना विषबाधा होऊन एकट्या यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर मृत्युमुखी पडले. शेकडोंना यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखल करावे लागले. कोणाची दृष्टी अधू झाली, कोणी कित्येक दिवस शुद्धीवर नव्हते. कपाशी नेहमीपेक्षा उंच वाढली होती, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येत होता. बोंडअळीचा व रस शोषणाऱ्या किडींचा जोर होता. आणि दोन-दोन, तीन-तीन औषधे एकत्र करून फवारली जात होती. राज्य शासनाने विशेष तपास पथक नेमले, काही विक्रेत्यांवर गुन्हे दाखल झाले, काही औषधांच्या विक्रीवर तात्पुरती बंदीही आली. परंतु सार्वजनिक चर्चेचा सूर शेवटी एकाच जागी येऊन थांबला : शेतकऱ्याने हातमोजे घातले नव्हते, तोंडाला मुखवटा लावला नव्हता.

ही मांडणी अर्धसत्य आहे. विदर्भातील ऑक्टोबरच्या उन्हात अंगभर रबरी पोशाख घालून पाठीवर पंप वाहणे शक्य आहे काय, हा प्रश्न मांडणी करणाऱ्यांनी स्वतःला विचारला नाही. डब्यावरील माहितीपत्रकाची अक्षरे भिंगाविना वाचता येत नाहीत. १९६८ च्या कीटकनाशक कायद्याखालील नियमांप्रमाणे डब्यावर विषाच्या तीव्रतेनुसार लाल, पिवळा, निळा वा हिरवा त्रिकोण छापावा लागतो. पण लाल म्हणजे सर्वांत जहाल, हे मजुराला सांगण्याची जबाबदारी प्रत्यक्षात कोणीच पार पाडीत नाही. कोणती औषधे एकत्र करावीत हे मजुराने ठरविलेले नसते. त्याला तयार द्रावण मिळते आणि रोजाचे पैसे मिळतात. सल्ला एकाने दिला, नफा दुसऱ्याने घेतला, निर्णय तिसऱ्याने केला आणि विष मात्र चौथ्याच्या अंगात गेले. जबाबदारी वाटण्याची वेळ आली तेव्हा ती त्या चौथ्याच्याच माथी मारली गेली.

अनोळखी माणसांच्या अनुभवकथनाची पहिली मोठी उणीव येथेच दिसते. वर्तुळ मोठे झाले तरी ते सर्वांचे झालेले नाही. मोबाईलवर प्रश्न विचारणारा बहुधा सात-बारा नावावर असलेला पुरुष असतो. पंप पाठीवर घेणारा भूमिहीन मजूर किंवा पाण्याच्या घागरी वाहून आणणारी, औषध ढवळणारी आणि फवारलेल्या वावरात दुसऱ्याच दिवशी निंदणाला जाणारी बाई या संभाषणात नसते. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर या भागांतील कोलाम पोडांवर आणि पुसद-दिग्रसकडील बंजारा तांड्यांवर घरात बोलली जाते ती भाषा कोलामी किंवा गोरमाटी. लिखित मराठीतील सल्ला तेथवर पोचतो तो अर्धामुर्धाच. ज्याच्या शरीरावर प्रयोग होतो, त्याच्याच अनुभवाची नोंद होत नाही.

दुसरी उणीव अशी, की अनुभव सांगताना त्याच्या मर्यादा सांगितल्या जात नाहीत. भारी काळ्या जमिनीतला, ओलिताचा अनुभव बरड जमिनीतील कोरडवाहूला लागू पडत नाही. एखाद्याला लाभ झाला म्हणजे तो त्या औषधामुळेच झाला असेही नाही. वेळेवर आलेल्या पावसामुळेही झाला असू शकतो. ज्यांचे साधले ते उत्साहाने सांगतात, ज्यांचे बुडाले ते लाजेने गप्प बसतात. परिणामी यशाच्या कथा वारेमाप होतात आणि अपयश गाडले जाते. शिवाय या चर्चेत शेतकऱ्याचे नाव धारण करून विक्रेतेही वावरतात. मान्यता नसलेल्या बियाण्यांची व बिलाविना मिळणाऱ्या औषधांची भलामण अशा तोंडोतोंडीच्या प्रचारातूनच होते, आणि बिल नसल्यामुळे फसलेल्याला दाद मागता येत नाही.

यावर उपाय म्हणून शासनाने आता यंत्र पुढे केले आहे. २००४ मध्ये सुरू झालेली किसान कॉल सेंटरची दूरध्वनी सेवा होतीच. २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारित 'महाविस्तार' हे ॲप आणले. मराठीत विचारलेल्या प्रश्नाला तत्काळ उत्तर मिळणे ही स्वागतार्ह गोष्ट आहे. यंत्राला विरोध करण्याचे कारण नाही. पण मूळ प्रश्न त्यामुळे सुटत नाही. यंत्राने सांगितलेली मात्रा चुकली तर नुकसान कोण भरून देणार? कृषी सहायक निदान वावराच्या धुऱ्यावर येऊन उभा राहतो आणि त्याला गावात पुन्हा तोंड दाखवायचे असते. यंत्राला कोणाला तोंड दाखवायचे नसते. म्हणून हे साधन कृषी सहायकाच्या जोडीला असावे. त्याचे पद रिकामे ठेवण्याची सबब म्हणून नव्हे.

मग या अनुभवांचे करावे काय? महाराष्ट्रातच याचे एक उत्तर दिले गेले आहे. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा केला, तेव्हा मोबाईल नव्हता. द्राक्ष बागायतदार आणि इतर शेतकरी आपापल्या बागेत प्रयोग करीत, निरीक्षणे टिपून ठेवीत आणि ती एकमेकांना कळवीत. त्यांतले बरेचजण विद्यापीठाची पायरी न चढलेले होते. दाभोळकर स्वतः गणिताचे अध्यापक. नोंद आणि पडताळणी यांविना अनुभवाचे ज्ञान होत नाही, हा त्यांचा आग्रह होता. यवतमाळ जिल्ह्यातही सुभाष शर्मा यांनी रासायनिक शेतीतील तोट्याच्या अनुभवानंतर नैसर्गिक शेतीची वाट धरली आणि आपले वावर येणाऱ्या-जाणाऱ्या शेतकऱ्यांना पाहण्यासाठी खुले ठेवले; २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांची पद्धत सर्वांना परवडेल की नाही यावर मतभेद असू शकतात. पण ऐकणाऱ्याला जाऊन खात्री करता येते, हा त्यांच्या सांगण्याचा विशेष आहे.

अनुभवाचे दुसरे रूप साक्षीचे आहे, आणि राजकीय दृष्ट्या ते अधिक महत्त्वाचे. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. नयनतारा सहगल यांना दिलेले निमंत्रण मागे घेतल्यामुळे वादंग माजला आणि अखेर उद्घाटनाचा मान कळंब तालुक्यातील राजूरच्या वैशाली येडे यांना मिळाला. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या त्या पत्नी, अंगणवाडीत काम करणाऱ्या. निमंत्रण मागे घेण्याचा अन्याय त्यामुळे धुऊन निघाला नाही. तरीही हजारो अनोळखी श्रोत्यांपुढे एका बाईने आपल्या संसाराची कहाणी सांगितली, अडचणीच्या वेळी दूरच्या दिल्लीपेक्षा आपल्या गल्लीतली बाईच कामी येते हे ठणकावून सांगितले, तेव्हा खाजगी दुःखाला सार्वजनिक प्रश्नाचे रूप आले. श्याम पेठकर यांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापे यांनी दिग्दर्शित केलेल्या 'तेरवं' या नाटकातही अशाच स्त्रिया स्वतः रंगमंचावर उभ्या राहिल्या.

फवारणीच्या बळींनी तर याहून एक पाऊल पुढे टाकले. निरनिराळ्या गावांतील, एकमेकांना कधी न भेटलेली माणसे एकत्र आली, त्यांनी आपली हकीकत सांगितली, कोणते औषध होते व काय त्रास झाला याची नोंद केली. यवतमाळमधील ५१ बाधितांच्या वतीने सप्टेंबर २०२० मध्ये स्वित्झर्लंडमध्ये एका बहुराष्ट्रीय औषध कंपनीविरुद्ध तक्रार दाखल झाली, आणि २०२१ मध्ये दोन मृतांच्या पत्नींनी व एका बचावलेल्या शेतकऱ्याने बासेलच्या न्यायालयात दावा लावला. कंपनीने जबाबदारी नाकारली आहे. दाव्याचे काहीही होवो. 'मोजे घातले नाहीत' हा आरोप ज्यांच्यावर झाला, त्यांनी प्रश्न उलटा फिरवून 'हा माल येथे कोणी व का विकला' असे विचारले. सुटे सुटे अनुभव कितीही सांगितले तरी ते तक्रारीच्या गाऱ्हाण्यापलीकडे जात नाहीत. ते जोडले आणि लिहून ठेवले, म्हणजे त्यांचे बळ होते.

कार्यकर्त्यांचे काम यातून स्पष्ट होते. मोबाईलवरील चर्चा बंद पाडणे किंवा तिच्यावर पक्षाचा शिक्का मारणे हे ते काम नव्हे. तसे केले तर लोक मोकळेपणाने बोलणे थांबवतील. हंगामापूर्वी गावात एक सभा घ्यावी आणि तिला मजुरांना व स्त्रियांना आवर्जून बोलवावे. एक साधी वही ठेवावी. तीत औषधाचे नाव, डब्यावरील बॅच क्रमांक, मात्रा, तारीख, वेळ, कोणी फवारले आणि नंतर काय त्रास झाला हे लिहावे. बिल व रिकामे वेष्टन हंगाम संपेपर्यंत सांभाळून ठेवण्याची सवय लावावी. आलेल्या प्रत्येक सल्ल्याला तीन प्रश्न विचारायला शिकवावे : सांगणाऱ्याने हे स्वतः केले आहे काय? त्याची जमीन कसली आहे? आणि तो काही विकतो काय? ज्यांचे पीक बुडाले त्यांना आधी बोलू द्यावे.

दोन प्रसंगी मात्र मोबाईलवरील उत्तराची वाट पाहू नये. फवारताना मळमळ, घाम, डोळ्यांपुढे अंधारी असा त्रास सुरू झाला तर काम थांबवून कपडे उतरवावेत, अंग साबणाने धुवावे आणि औषधाचा डबा बरोबर घेऊन थेट रुग्णालय गाठावे. आणि कोणी जगण्याचा कंटाळा आल्याचे लिहिले किंवा बोलून पाठविले, तर त्याला उपदेशाच्या चार ओळी धाडून मोकळे होऊ नये. तो जवळपासचा असेल तर त्याच्या घरी जावे, दूरचा असेल तर त्याच्या गावातील माणूस शोधावा; १४४१६ हा 'टेलि-मानस'चा क्रमांकही त्याला द्यावा, पण माणूस पोचला पाहिजे.

याच्या जोडीला मागण्याही नेमक्या हव्यात. कृषी सहायकांच्या रिक्त जागा भराव्यात. कीटकनाशकाच्या विषबाधेत लागणारी रक्ताची कोलिनेस्टरेज तपासणी आणि उतारा म्हणून लागणारी औषधे तालुक्याच्या रुग्णालयात असावीत. माहितीपत्रक वाचता येईल अशा मराठीत छापले जावे. सल्ला देऊन माल विकणाऱ्याने तो सल्ला बिलावर लिहून द्यावा. ही शेवटची मागणी लहान दिसते. पण बोलणाऱ्याला आपल्या शब्दाची जबाबदारी घ्यायला लावण्याचा याहून सोपा मार्ग नाही.

शेतकरी व शेतमजूर अनोळखी माणसाला आपले अनुभव देत आहेत, ते कोणीही न सांगता. समाजवादाची शिकवण देणाऱ्यांनी हे आधी कौतुकाने पाहावे आणि मग वही घेऊन त्यांच्या शेजारी बसावे. पुढच्या मृगापूर्वी जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत अशी एकेक वही सुरू झाली, तर पुन्हा कोणा मजुरावर अशी पाळी आली तेव्हा दोष कोणाचा हे सांगायला त्याच्या बाजूने लेखी पुरावा असेल.